जुन्या घराचं बेसमेंट: एकाला हात लावला की दुसरं हलतं

जुनं घर बघायला गेलं की आपण खोल्या मोजतो, उजेड बघतो, किचन नवीन केलंय का ते बघतो, आणि बेसमेंटमध्ये जिन्यावरूनच दोन मिनिटं डोकावून, नाकाला वास आला की "थोडी ओल आहे वाटतं" म्हणून परत वर. मीही तेच केलं होतं. घर ताब्यात आल्यावर पहिल्या मोकळ्या दिवशी टॉर्च घेऊन नीट खाली उतरलो तेव्हा एक गंमत दिसली. विजेच्या पॅनलमधून एक जाड तांब्याची तार निघाली होती आणि पाण्याच्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला क्लॅम्पने घट्ट आवळलेली होती, क्लॅम्पवर हिरवट गंज. ही घराची अर्थिंग. जुन्या घरांत पद्धतच होती ती, पाण्याचा लोखंडी पाइप जमिनीतून येतो म्हणजे अर्थिंगला आयताच मोठा रॉड मिळाला. छान. मग टॉर्च तसाच पाइपवरून पुढे नेला तर दोन हातांवर लोखंड संपलं आणि तिथून भिंतीपर्यंत प्लॅस्टिकचा पाइप.

म्हणजे झालं काय असेल, कधीतरी गळती झाली, प्लंबर आला, सडलेला तुकडा कापून प्लॅस्टिकचा टाकला, गळती थांबली, सगळे खूश. फक्त त्या दिवसापासून ती तांब्याची तार शोभेची झाली. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, म्हणजे अर्थिंग जमिनीपर्यंत पोचतच नव्हती आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण दिवे लागत होते, फ्रिज चालत होता. वीज पडली किंवा बाहेरून येणारा न्यूट्रल तुटला तरच कळलं असतं, आणि तेव्हा कळून काय उपयोग.

यात प्लंबरचं काम वाईट नव्हतं आणि इलेक्ट्रिशियनचंही नव्हतं. प्रत्येकाने आपलं आपलं बरोबर केलं होतं, दोघांच्या मधलं कुणी बघितलं नाही. ऐंशी-शंभर वर्षं जुन्या घरात अशी डझनभर माणसं येऊन गेलेली असतात आणि मला विचाराल तर जुन्या घराच्या बेसमेंटची खरी भानगड हीच आहे. एकेक वस्तू जुनी आहे याची भीती जास्त नाही, तिच्यावर दुसरं काय टेकलंय हे न बघता कुणीतरी ती बदलते, तिथे घोळ होतो. म्हणून पुढचं सगळं त्याच नजरेने लिहितोय, काय कशाला बांधलेलं आहे.

आधी हे तळघर असतंच का ते. कडक थंडीच्या प्रदेशात जमीन वरून काही फूट गोठते. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, त्यात मातीखालचं पाणी वर ओढलं जाऊन बर्फाचे थर तयार होतात आणि ते वरचं सगळं उचलतात, घरसुद्धा. म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. चार फूट खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून खाली एक खोली का काढू नये, असा तो साधा हिशोब. शिवाय कोळशाची भट्टी खालीच हवी, कारण तेव्हा पंखा नव्हता, गरम हवा आपली आपण वर जायची. जाड जाड पाइपांचे हात पसरलेली ती भट्टी बघून लोक तिला ऑक्टोपस म्हणायचे, काही घरांत अजून आहे. सांगायचं म्हणजे ही जागा कोळसा, भट्टी आणि कपडे धुवायचा दगडी हौद यांच्यासाठी बांधलेली होती. थोडी ओल आली तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. आपण तिथे कार्पेट, सोफा आणि टीव्ही ठेवायला निघालो, निम्मी दुखणी तिथून सुरू होतात.

आता भिंती. खूप जुनं घर असेल तर दगड किंवा विटा आणि चुन्याचा माल, विसाव्या शतकातलं असेल तर काँक्रीटचे पोकळ ब्लॉक, नंतर ओतीव काँक्रीट. भिंतीवर पांढरी भुकटी दिसली की लोक बुरशी म्हणून घाबरतात, बऱ्याचदा तो लोणा असतो. भिंतीतून पाणी येतं, येताना क्षार विरघळवून आणतं, पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बोटाने चोळलं की कुरकुरीत भुकटी होते, पाणी टाकलं की विरघळते. या क्षारांनी विषबाधा वगैरे होत नाही पण तो निरोप आहे, इथून पाणी येतंय.

आणि इथे पहिली मोठी चूक होते. चुन्याचे सांधे भुसभुशीत झालेले दिसतात, मग कुणीतरी ते सिमेंटने भरून देतो, वरून चकाचक. चुना मऊ आहे आणि श्वास घेणारा आहे, भिंत थोडी हलली तर तो जरा दबतो, ओल त्याच्यातून बाहेर पडते, आणि झिजायचं असेल तर तो झिजतो, वीट वाचते. पोर्टलँड सिमेंट (जोसेफ ॲस्पडिनने त्याचं पेटंट १८२४ मध्ये घेतलं, पण घरोघरी पोचायला पुढे बरीच वर्षं गेली) कडक आहे आणि ओल अडवतं. मग ओल सांध्यातून न निघता विटेतून निघते, थंडीत तिथेच गोठते आणि विटेचं तोंड पोपड्यासारखं सुटून पडतं. सांधा शाबूत, वीट गेली. जुन्या भिंतीला चुन्याचाच माल हवा आणि चुन्याचं काम येणारा गवंडी हवा. तो मिळायला वेळ लागतो, तरी थांबा.

पाण्याबद्दल जरा जास्त बोलतो कारण सगळ्यात जास्त पैसे लोक इथे चुकीच्या जागी घालतात. बेसमेंटमध्ये पाणी आलं की पहिला विचार असतो भिंतीला आतून वॉटरप्रूफ पेंट मारायचा. रोग रेड्याला, औषध पखालीला. बाहेर पाणी भिंतीला टेकून उभं आहे, त्याचा दाब आहे, एक मीटर खोल पाण्याचा दाब तळाशी दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन असतो, तुमचा पेंट त्याला कितीसा पुरणार? तो फुगतो आणि सुटतो.

आधी छताकडे बघा. १०० चौरस मीटरच्या छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५०० लिटर पाणी होतं, अडीच हजार. ते सगळं पन्हाळीतून येऊन दोन-तीन नळ्यांतून खाली उतरतं. पन्हाळ पानांनी तुंबलेली असेल किंवा नळी पायाला चिकटून तिथेच सोडलेली असेल तर हे सगळं पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने पायाशी ओतताय. नळीला पुढे जोड लावून पाणी सहा-आठ फूट लांब सोडा आणि घराभोवतीच्या मातीचा उतार बाहेरच्या दिशेने करा, पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार हा सर्वसाधारण नियम. जुन्या घराभोवतीची भराव माती वर्षानुवर्षं खचून उतार उलटा, घराकडे झालेला असतो. हे काम फावड्याने होतं, आणि निदान अर्ध्या घरांचं रडगाणं त्याच्यातच संपतं असं माझं मत आहे. एक पावसाळी दिवस छत्री घेऊन घराभोवती फिरा, पाणी कुठे साकळतंय ते डोळ्यांनी बघा, मग कंपनीला फोन करा.

आणखी एक गोष्ट, सगळी ओल बाहेरून येत नाही. उन्हाळ्यात वास येतो म्हणून लोक बेसमेंटच्या खिडक्या उघडतात, हवा खेळेल म्हणून. बाहेर ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा साधारण २४ अंशाला पोचली की तिच्यातलं पाणी सुटायला लागतं, आणि खालची भिंत असते सतरा-अठरा अंशांवर. थंड ग्लासच्या बाहेरून पाणी येतं ना, तेच, फक्त पूर्ण भिंतीवर. तुम्ही ओल घालवायला खिडकी उघडली आणि ओल आत घेतली. दमट दिवसांत खिडक्या बंद आणि डीह्युमिडिफायर चालू, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. पाणी भिंतीतून येतंय की हवेतून हे कळायला सोपी युक्ती, प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस थांबा. खोलीच्या बाजूला थेंब आले तर हवेतलं पाणी, भिंतीच्या बाजूला आले तर भिंतीतून. दोन्हीकडे आले तर अर्थातच दुष्काळात तेरावा महिना.

हे न तपासता भिंतीला लाकडी चौकट ठोकून मधे काचेच्या लोकरीचं इन्सुलेशन आणि वरून बोर्ड लावला की आत अंधारात भिंत ओली राहते, लोकर ओली होते, लाकूड मऊ पडतं आणि वर्षा-दोन वर्षांत तो वास येतो जो कितीही सुगंधी फवारे मारले तरी जात नाही. विकायला काढलेल्या घराचं बेसमेंट नुकतंच नव्याने सजवलेलं असेल तर मला उगाच संशय येतो, उघड्या भिंतीचं बेसमेंट परवडलं, निदान खोटं तरी बोलत नाही.

तड्यांचं थोडक्यात. ओतीव काँक्रीटमधला केसासारखा उभा तडा बहुतेक वेळा काँक्रीट वाळताना आकसल्याचा असतो. ब्लॉकच्या किंवा विटांच्या भिंतीत पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारा तडा म्हणजे एक बाजू खचतेय. आणि ब्लॉकच्या भिंतीत मधोमध आडवा तडा, त्यात भिंत आत फुगलेली, हा सगळ्यात वाईट, बाहेरची ओली माती भिंत ढकलतेय, तिथे स्ट्रक्चरल इंजिनियरच हवा, आणि शक्यतो असा की जो दुरुस्ती विकत नाही. बाकीच्यांसाठी पेन्सिल पुरते, तड्याच्या दोन्ही टोकांना खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. वर्षाने बघा. नुसतं "तडा आहे" याला फार अर्थ नाही, तो वाढतोय का हा प्रश्न.

मान वर केली की लाकूड दिसतं. भिंतीच्या डोक्यावर जी आडवी फळी असते, जिच्यावर सगळं घर बसलंय, ती स्क्रूड्रायव्हरने ठिकठिकाणी टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. तुळयांकडेही बघा, कुठल्या तरी प्लंबरने ड्रेनचा पाइप न्यायला तुळईचा खालचा भाग करवतीने खाऊन टाकलेला असतो, वर बाथरूमची फरशी का झोल खाते याचं उत्तर तिथे मिळतं. तुळईत भोक पाडायचंच तर तिच्या उंचीच्या मध्यावर पाडतात, खालची कड सगळ्यात जास्त ताण घेते, तिला हात लावत नाहीत. आणि मधे उभा असलेला खांब सोफ्याच्या आड येतो म्हणून काढायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा.

अमेरिकेत साधारण १८३० च्या दशकापासून पुढे शंभर वर्षं लाकडी घरं ज्या पद्धतीने बांधली गेली तिला बलून फ्रेमिंग म्हणतात. भिंतीतले उभे लाकडी दांडे पायापासून थेट छतापर्यंत एकसंध, त्यामुळे दोन दांड्यांच्या मधली पोकळीही तळापासून वरपर्यंत मोकळी. बेसमेंटमध्ये आग लागली तर ती भिंतीच्या आतून धुराड्यासारखी काही मिनिटांत माळ्यावर पोचते, मधल्या मजल्यावर झोपलेल्याला आधी पत्ताच लागत नाही. खालून या पोकळ्या दिसत असतील तर त्या लाकडाच्या ठोकळ्यांनी किंवा मिनरल वूल ठासून बंद करून घ्या. स्वस्त काम आहे आणि गंमत म्हणजे थंड हवाही कमी होते. पण थांबा, त्याच पोकळीतून वायरिंग गेलंय का ते आधी बघा.

कारण जुनं वायरिंग. साधारण १८८० ते १९४० च्या दशकापर्यंत घराघरांत पोर्सिलेनच्या गोट्यांवरून आणि नळ्यांतून नेलेल्या दोन सुट्या तारा असायच्या, एकमेकींपासून लांब, मधे नुसती हवा. अर्थिंगची तार नाहीच. या वायरिंगला मी सरसकट वाईट म्हणणार नाही, तांबं चांगलं होतं, जोड डाख देऊन केलेले होते. पण त्या तारा गार राहायच्या त्या हवेमुळे. आता वीजबिल कमी करायला कुणी भिंतीत इन्सुलेशन फुंकून भरलं की तारेभोवतीची हवा गेली, रजई आली, आणि तार तापायला लागली. वर शंभर वर्षांचं कापड-रबराचं आवरण हात लावला तरी गळून पडतंय. दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या ठीक, एकत्र केल्या की आग. विमा कंपन्याही असं वायरिंग दिसलं की नाक मुरडतात.

दुसरा प्रकार, फ्यूज सारखा उडतो म्हणून १५ अँपियरच्या तारेवर ३० चा फ्यूज. फ्यूज उडायचा थांबला, प्रॉब्लेम सुटला असं वाटतं, खरं म्हणजे आता फ्यूजच्या ऐवजी तार वितळणार. तिसरा, १९६५ ते ७३ च्या सुमारास तांबं महागलं म्हणून अमेरिकेत-कॅनडात घातलेलं ॲल्युमिनियमचं वायरिंग. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सांगितलंय की १९७२ च्या आधी ॲल्युमिनियमचं वायरिंग केलेल्या घरांत एखादा तरी जोड आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या मानाने ५५ पट आहे. तार मधे ठीक असते, गडबड जोडावर, प्लगच्या स्क्रूखाली, त्यामुळे प्लगचं कव्हर कोमट लागलं किंवा दिवे फडफडले तर दुर्लक्ष करू नका. बेसमेंट म्हणजे ओली फरशी, तिथल्या प्लगना जीएफसीआय हवंच, ते ५ मिलिअँपियरच्या आसपास गळती झाली की सप्लाय तोडतं आणि अर्थिंग नसलेल्या जुन्या सर्किटवरही काम करतं. अर्थिंग मात्र त्याने तयार होत नाही, हे लोक विसरतात.

पाण्याच्या पाइपांकडे परत येऊ. भिंतीतून जिथे मुख्य पाइप आत येतो तिथे एक किल्ली आणि एक लोहचुंबक घेऊन उभे राहा. चुंबक चिकटला तर जीआय. नाही चिकटला तर किल्लीने हलकेच खरवडा, तांबूस दिसलं तर तांबं, मऊ लागून चकचकीत चंदेरी दिसलं तर शिसं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी नवीन शिशाचे पाइप वापरायला बंदी आली १९८६ मध्ये, म्हणजे त्याआधीच्या घरात बघायलाच हवं. पाणी उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. शिसं काढणारा प्रमाणित फिल्टर लागतो आणि खरा उपाय पाइप बदलणे, तोही अर्धा नाही. आपल्या हद्दीपर्यंतच बदलून बाहेरचा तसाच ठेवला तर कापाकापीने आतला थर हलतो आणि काही काळ शिसं वाढू शकतं.

तो थर काय चीज आहे ते फ्लिंटमुळे जगाला कळलं. मिशिगनमधल्या या शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचं पाणी घेतलं. आधीच्या पाण्यात पाइप गंजू नये म्हणून फॉस्फेट होतं, त्यामुळे पाइपांच्या आत संरक्षक थर धरला होता. नवीन पाण्यात गंजरोधक घातलंच नाही, थर सुटला आणि शिसं नळात आलं. पाइप तेच होते, त्याच जागी, फक्त त्यांच्यातून जाणारं पाणी बदललं. माझा सगळा मुद्दा आख्ख्या शहराच्या मापाने.

घरातल्या मापाची उदाहरणं छोटी असतात. जीआय पाइप आतून गंजून भरत जातो, वर बाथरूममध्ये धार बारीक होते, आयुष्य साधारण चाळीस-पन्नास वर्षं. अर्धा पाइप बदलून तांब्याचा टाकला आणि दोन्ही थेट जोडले तर दोन वेगळे धातू आणि पाणी मिळून बॅटरी तयार होते आणि जीआय जोडाशीच आणखी जोरात खातो, मधे वेगळा कपलिंग लागतो. किंवा हे बघा, बाहेर मीटरपाशी पाणी उलटं जाऊ नये म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह बसवला. काही दिवसांनी वॉटर हीटरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टपटपायला लागला. पाणी तापलं की फुगतं, आधी ते फुगलेलं पाणी मागे लाइनमध्ये सरकायचं, आता दार बंद, म्हणून दाब वाढतो. लोक तो टपटपणारा व्हॉल्व्ह बूच मारून बंद करतात, कृपा करून असं करू नका, टाकी फुटू नये म्हणूनच तो तिथे आहे. हवं असतं एक छोटं एक्स्पान्शन टँक.

ड्रेनचं जास्त सांगत नाही. आत बिडाचा पाइप, बाहेर भाजक्या मातीचे तुकडे जोडून केलेली लाइन, प्रत्येक जोडात झाडाची मुळं शिरणार हे धरूनच चाला, घर घेण्याआधी आत कॅमेरा घालून बघून घ्या. फरशीतल्या जाळीतून गटाराचा वास येत असेल तर घाबरायच्या आधी एक बादली पाणी ओता, खालच्या वळणातलं पाणी सुकलं की वास येतो, बऱ्याचदा मामला एवढाच.

आता जिवाचा विषय. जुना गॅसवरचा वॉटर हीटर आपला धूर पंख्याशिवाय, नुसत्या उष्णतेच्या जोरावर धुराड्यातून वर सोडतो. शेजारची जुनी फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, त्याच धुराड्यात धूर सोडायची आणि ते गरम ठेवायची. तुम्ही नवीन, ९०-९५ टक्के कार्यक्षमतेची फर्नेस घेतली. तिचा धूर इतका गार की तो प्लॅस्टिकच्या पाइपने बाजूच्या भिंतीतून जातो, धुराड्याशी तिचा संबंध तुटला. मागे एकटा वॉटर हीटर राहिला, या धंद्यातले लोक त्याला अनाथच म्हणतात. दोघांच्या मापाचं मोठं थंड धुराडं आणि त्यात एवढीशी गरम हवा, ती अर्ध्या वाटेत गार होते, वाफेचं आम्लयुक्त पाणी होऊन विटा खातं, आणि ओढ कमी पडली की धूर मागे खोलीत सांडतो. त्यात तुम्ही खिडक्यांच्या फटी बुजवलेल्या, किचनचा एक्झॉस्ट मोठा घेतलेला, कपड्यांचा ड्रायर चालू, ही सगळी यंत्रं घरातली हवा बाहेर फेकतात, तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी, आणि सगळ्यात मोठं उघडं भोक कुठलं तर धुराडं. झाला उलटा प्रवाह. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट तरी जोराने चिकटतो.

तपासायचं असं. दारं-खिडक्या बंद, घरातले सगळे एक्झॉस्ट आणि ड्रायर चालू, मग गरम पाण्याचा नळ सोडा म्हणजे हीटर पेटेल. पाचेक मिनिटांनी हीटरच्या डोक्यावर जी पत्र्याची टोपी असते तिच्या कडेला पेटती उदबत्ती धरा. धूर टोपीखाली आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला तर हीटर बंद करा, खिडक्या उघडा आणि माणूस बोलवा, उद्या नाही, लगेच. उपाय अवघड नाहीत, धुराड्यात लहान मापाची धातूची नळी सोडतात किंवा पंख्यावर धूर सोडणारा हीटर घेतात, फक्त हे फर्नेस बदलतानाच ठरवायला हवं होतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ, आणि त्याच्या पाठीवर छापलेली एक्स्पायरी बघा, बॅटरी बदलली म्हणून आतला सेन्सर नवा होत नाही. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर आधी बाहेर पडा, कारण मग शोधा.

असाच न दिसणारा दुसरा पाहुणा रेडॉन. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणाऱ्या स्टॅनली वॉट्रास या इंजिनियरमुळे रेडिएशनचा अलार्म वाजायला लागला, आणि मजा म्हणजे त्या केंद्रात तेव्हा वीजनिर्मिती सुरूच झालेली नव्हती. शोध घेतला तर किरणोत्सर्ग तो घरून घेऊन येत होता, घराखालच्या जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूमुळे. जमिनीतल्या युरेनियमचं विघटन होताना हा तयार होतो आणि फटींतून, पाणी उपसायच्या पंपाच्या खड्ड्यातून वर येतो, कारण थंडीत घरातली गरम हवा वरून बाहेर पडते आणि घर खालून हवा शोषतं. फुप्फुसाच्या कॅन्सरचं धूम्रपानानंतरचं मोठं कारण तो मानला जातो. जागतिक आरोग्य संघटना दर घनमीटरला १०० बेकरेलची (हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मर्यादा सुचवते, अमेरिकेत १४८ ला कारवाई करायला सांगतात. टेस्ट किट साधं असतं, फरशीखालची हवा पंख्याने ओढून छतावर सोडायची सोयही होते. पण बघा, हाही एक पंखाच, तोही थोडी हवा घरातून ओढतो, म्हणजे तो बसवल्यावर वरची उदबत्तीची टेस्ट पुन्हा करायची.

पाइपांवर किंवा जुन्या भट्टीवर पांढरं, प्लास्टरच्या पट्टीसारखं गुंडाळलेलं दिसलं, किंवा फरशीवर ९ इंची चौकोनी जुन्या टाइल्स असल्या, तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच समजा. शाबूत असेल तर हात लावू नका, झाडू नका, ओरबाडू नका, तपासणी करून घ्या. हे असं एक दुखणं आहे की जे बऱ्याचदा गप्प झाकून ठेवलेलंच बरं.

माझ्या अर्थिंगचं पुढे काय झालं ते राहिलंच. इलेक्ट्रिशियनने बाहेर जमिनीत दोन रॉड ठोकून नवीन तार जोडली, आतल्या उरलेल्या लोखंडी पाइपांनाही वेगळी जोडणी दिली, अर्ध्या दिवसाचं काम. जाताना मी त्याला मुख्य पाण्याचा व्हॉल्व्ह दाखवला, फिरतो का बघा म्हटलं, तर तो म्हणाला, "जोर लावू नका, दांडा हातात येईल, आधी प्लंबरला बोलवा, आणि बाहेरून पाणी बंद करता येतं का ते विचारून मगच हात लावायला सांगा." प्लंबर पुढच्या आठवड्यात आला. आता पॅनलच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, कुठला पाइप कधी बदलला, अर्थिंग कुठे जोडलीय, हीटरचा धूर कुठून जातो, आणि खाली मोठ्या अक्षरात, पाइप कापायच्या आधी ही तार बघा.